थिजलेल्या चित्रातले हात

भूत पाहिलं म्हणून कोणी सांगायला लागलं की मी त्याला पहिलं विचारायचो — काय पिऊन आला होतास? सोनगीरला मला ओळखणारे सांगतील, माझं तोंड फटकळ आहे. किल्ल्यावर दिवा दिसतो, हायवेवर बाई हात दाखवून गाडी थांबवते, हे सगळं लहानपणापासून ऐकतोय. किल्ल्याखालीच माझा जन्म गेला. मला ना कधी दिवा दिसला, ना बाई. तांब्याचा पत्रा ठोकून भांडी करायची हा आमचा धंदा. भांडं तयार झालं की बोटानं वाजवून बघायचं. नीट वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर कुठंतरी चीर आहे. माणसांच्या गोष्टीपण मी अशाच वाजवून घेत आलो.

आता माझ्याजवळच एक गोष्ट आहे, आणि ती कशी वाजते ते मलाच कळत नाहीये... म्हणून इथं लिहितो.

मी चौथीपर्यंत शिकलेला. कागदावर पेन्सिलीनं लिहून दिलंय, शेजारची सून शोभा मोबाईलमध्ये टाईप करतेय. भुताखेतांच्या अनुभवांचं हे पान तिनंच दाखवलं. माझी बायको होती तेव्हा दुपारी गहू निवडता निवडता शोभा तिला इथले अनुभव वाचून दाखवायची. दोघी घाबरायच्या आणि मग चहा करून प्यायच्या. मी हसायचो. शोभाला बजावलंय — माझ्या लिहिण्यात गोड काही घालू नको.

तर मला एकच पोरगी, उषा. जन्मापासून तिला ऐकू येत नाही, त्यामुळे बोलताही येत नाही. डॉक्टर झाले, देव झाले, काही उपयोग नाही झाला. मग तिनं आणि तिच्या मायनं मिळून घरातल्या घरात हातांची एक भाषा बनवली. कोणी शिकवली नाही. भूक लागली, पाऊस आला, गाय व्याली, शेजारीण खोटं बोलते — सगळं हातानं. प्रत्येक माणसाला हाताचं नाव. मी म्हणजे एका मुठीवर दुसरी मूठ ठोकायची. शोभाची सासू म्हणजे बोटानं मिश्री घासायची. धुळं म्हणजे खांद्यावरचं दप्तर, कारण उषाची शाळा धुळ्याला होती. त्या दोघी समोरासमोर बसून भराभर हात चालवायच्या आणि मध्येच फिदीफिदी हसायच्या. मी विचारायचो, काय चाललंय? बायको म्हणायची, "तुमना कामनं नही शे."

मला त्यातलं थोडंच यायचं. जेवलीस का, झोपलीस का, बरं आहे, इकडे ये, मी आलो. हातोड्याच्या आवाजानं माझे कानपण अर्धे गेलेले. घरात नीट ऐकणारी बायको एकटीच, म्हणून इकडचं तिकडे सांगायचं काम तिचं.

उषाचं लग्न भुसावळला झालं. जावई भूषणराव पण तसेच, ऐकू येत नाही. रेल्वेत नोकरी, राहायला क्वार्टर, स्वभावानं गाय. पोरगी सुखी आहे. लग्नानंतर मायलेकीचं बोलणं व्हिडिओ कॉलवर सुरू झालं. रोज दुपारी जेवणं आटोपली की.

इथं एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुमचं आमचं चित्र अडकलं तर आवाज तरी येतो. "दिसत नाही पण ऐकू येतंय, बोल" म्हणून भागतं. उषाचं तसं नाही. चित्र थांबलं की ती मुकी झाली. हात दिसले तर बोलणं, नाही दिसले तर काहीच नाही.

आमच्या घरात नेट आलं ते जुन्या टेलिफोनच्या तारेवरून. तेव्हाचा राउटर, पिवळा पडलेला डबा, मधल्या खोलीतल्या फळीवर. नंतर गल्लीत काचेच्या तारेचं नेट आलं. नेटवाला संजू घरापर्यंत तार घेऊन आला, भिंतीवर त्याची नवी डबी ठोकली आणि म्हणाला, आता आतला डबा आणि ही वायर काढून टाकू, नवा राउटर लावू. मी नाही म्हणालो. जन्म तांब्यात गेलेल्या माणसाला हा काच विकायला आला! म्हटलं, या वायरीत तांबं आहे, तांबं कधी दगा देत नाही. डबा चालू आहे, दिवे लागतात, कशाला काढायचा? संजूनं फार समजावलं. शेवटी वैतागून त्यानं नव्या डबीतलं नेट माझ्या जुन्याच डब्याला जोडून दिलं.

बायको होती तोवर काम चाललं. ती बरोबर त्या फळीखाली पाट टाकून बसायची, डब्याच्या नाकासमोर. चित्र अडकलं तर तिला कळायचं. हात जिथं असेल तिथं तसाच धरून ठेवायची, चित्र सुटलं की तिथून पुढे. फोनवर बोलते की योगासनं करते, असं मी चिडवायचो.

मार्गशीर्षात ती गेली. सकाळी चहा टाकला, दुधाचं पातेलं हातातून सुटलं, तिथंच खाली बसली. धुळ्याला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. उषा लेकराला घेऊन आली, तेरावं होईपर्यंत राहिली. नातू तेव्हा रांगायलाही लागला नव्हता. मग तीपण गेली. लोक म्हणाले, आबा, काम सुरू करा, मन लागेल. सुरू केलं. ठोकत बसायचो. पत्रा तापायचा, वाकायचा, भांडं व्हायचं... त्या भांड्यात आता कोण पाणी भरणार, असं मनात यायचं. असो.

दुपारचा फोन मात्र उषानं सोडला नाही. आता मायच्या जागी मी. मी घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात बसायचो, फोन उपड्या हंड्याला टेकवायचा. माझे हात जड, मला शब्द थोडे. त्यात चित्र दर घडीला अडकायचं. मी "जेवलीस का" विचारावं तर तिकडे माझं तोंड उघडं थिजलेलं दिसायचं, हात गायब. तिनं काही लांबलचक सांगावं तर मला त्यातली सुरुवात आणि शेवट. मी "हो हो" करायचो. एकदा तिनं काही दुःखाचं सांगितलं असणार आणि मी हसून मान हलवली. तिचे डोळे भरले, तिनं फोन ठेवला. मग तिचा मेसेज आला — आबा तुम्ही रागावले का माझ्यावर.

मी पहिल्यांदा घाबरलो तो तेव्हा. बायको गेली, आता पोरगीपण या डबड्यापायी जाते की काय. तिला माझा आवाज कधीच मिळाला नाही. चित्र होतं तेवढंच होतं.

संजूला बोलावलं. त्याला आधी चार शिव्या घातल्या, तुझ्या काचेत दम नाही म्हणून. तो बिचारा हसतमुख माणूस, पोटभर ऐकून घेतलं. मधल्या खोलीत गेला आणि फळीसमोर उभा राहून कपाळाला हात लावला. बायको गेल्यावर विकायची राहिलेली भांडी मी त्याच फळीवर रचली होती. घंगाळं, हंडे, बंब... आणि त्या सगळ्यांच्या मागे तो डबा.

"आबा, तुम्ही याले जेलमा टाकेल शे," तो म्हणाला.

त्यानं भांडी बाजूला केली, डबा उंच ठेवला, बंद करून चालू केला. त्याच्या लॅपटॉपमध्ये नेटचा स्पीड मोजायचा काटा असतो, तो दाखवला. भिंतीवरच्या नव्या डबीला त्याचा लॅपटॉप जोडला तर काटा सणसणत वर गेला. माझ्या डब्याचं नेट घेतलं तर काटा म्हाताऱ्यासारखा उठला आणि परत बसला. मला म्हणाला, "बाहेरथून नदी ई राहिनी आबा, अन् तुम्ही आठे सलाईननी नळी लाई ठेयेल शे." हा डबा ज्या काळातला, तेव्हा असं नेटच नव्हतं, याला एवढं ओढायची ताकदच नाही, वरून तापला की मध्येच झोपतो. राउटर बदला, एवढंच औषध.

मला पटलं नाही असं नाही. पण म्हटलं, बघू. अडकला की बंद करून चालू करायचा, हे मात्र त्यानं शिकवून ठेवलं.

आता तो दिवस.

वैशाख होता. खानदेशातला वैशाख तुम्हाला माहीत आहे, पत्र्याला हात लावला तर कातडं चिकटतं. नातू आता धरून धरून उभा राहायला लागला होता. दुपारी उषाचा फोन आला. क्वार्टरच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ती बसली होती, फोन समोर भिंतीला टेकवलेला, पाठ मागच्या अंगणाकडे. भूषणराव ड्युटीवर. भुसावळला पाणी रोज येत नाही, त्या दिवशी आलं होतं, म्हणून बाया सगळं भरून ठेवतात तसं तिनं भरलेलं. अंगणात मोठा निळा टब काठोकाठ. नातू त्या टबाला धरून उभा. पाण्यावर हात आपटत होता, खूष होता. उषानं मला मान वळवून दाखवलं पण — बघा, उभा राहतो. मग ती माझ्याकडे तोंड करून काही सांगायला लागली. भाजीवाल्याचं काहीतरी होतं.

तिच्या खांद्यावरून मला दिसत होतं. पोरानं पाण्यात काही पाहिलं असेल, तो वाकला. आणखी वाकला. त्याचे पाय फरशीवरून सुटले.

आणि चित्र थांबलं.

उषा हसते आहे. एक हात हवेत. मागे टब, आणि टबाबाहेर दोन लहान तळपाय. बस्स. हलेच ना.

मी ओरडलो. बाजूचा दुकानदार धावत आला एवढा ओरडलो. पण ओरडून काय... मुंबईपासून आग्र्यापर्यंत ऐकू गेलं असतं तरी माझ्या पोरीला गेलं नसतं. जावयाला फोन लावून उपयोग नाही, त्यालाही ऐकू येत नाही. उषाच्या शेजारणीचा नंबर बायकोच्या फोनमध्ये, आणि तो बंद करून ठेवलेला. माझ्या डोक्यात एकच आलं, डबा बंद करून चालू करायचा. उजव्या हातात फोन घट्ट धरून मी मधल्या खोलीत पळालो. डाव्या हातानं वायरीसकट प्लग ओढला. परत घातला. तो जुना डबा... त्याला शुद्धीवर यायला किती वेळ लागायचा ते ज्याच्याकडे असेल त्यालाच माहीत. एक दिवा लागतो, विझतो. दुसरा लुकलुकतो. मी तिथं उभा. फोनमध्ये तेच चित्र, मग तेपण गेलं, नुसता काळा पडदा, त्यात माझं तोंड.

मी देवाचं नाव घेतलं नाही. खरं सांगतो. बायकोला हाक मारली. आयुष्यभर नाव घेतलं नाही तिचं, "ऐकलं का" म्हणायचो. तसंच म्हणालो. ऐकलं का.

दिवे लागले. फोन वाजला. उषा.

नातू तिच्या मांडीवर, सगळा ओला, खोकत होता आणि रडत होता. तोंड लाल, डोळे लाल, पण रडत होता. मला रडणं ऐकू येत होतं. त्या दिवशी माझे अर्धे कान पुरे झाले. मी खाली बसलो. शेजारचा दुकानदार मला पाणी देत होता आणि मी त्याला म्हणत होतो, त्याला दे, त्याला दे... काय बोलत होतो काय माहीत.

एका हातानं पोराला धरून दुसऱ्यानं तिनं सांगितलं — मूठ ठोकल्यासारखी केली, म्हणजे मी. मग तोंडापासून बोट माझ्याकडून तिच्याकडे. तुम्ही सांगितलं.

मी मान हलवली, नाही. ती म्हणे, तुम्हीच.

तेव्हा मी वाद घातला नाही. पोर जिवंत होतं. म्हटलं, ओरडताना माझा मोकळा हात हलला असेल, नेट जाता जाता तिला तेवढं दिसलं असेल. नशीब. त्या रविवारी मी बस पकडून भुसावळला गेलो. पोराला छातीशी धरून किती वेळ बसलो. तो माझ्या मिशा ओढत होता, ओढू दिल्या. टब उषानं आधीच देऊन टाकला होता, आता झाकणाचं पिंप आणलंय. जेवणं झाल्यावर भूषणराव आणि ती माझ्यासमोर बसले आणि मी विचारलं, तू वळलीस कशी? नीट सांग. भूषणराव मला पाटीवर लिहून सांगत होते, म्हणजे काही सुटणार नाही.

तिनं सांगितलं ते असं. तिकडेपण माझं चित्र थांबलं होतं. तोंड उघडं, डोळे मोठे, जसा मी नेहमी थिजतो तसाच. मागे माझं दुकान, टांगलेली भांडी, सगळं स्थिर. ती थांबून राहिली, सुटेल म्हणून. आणि त्या थिजलेल्या चित्रात फक्त हात चालू झाले. तोंड तसंच, पापणी नाही हलली. हात मात्र स्वच्छ, भराभर. "मागे" म्हणाले. "पाणी" म्हणाले. आणि त्याच्या आधी पोराचं नाव घेतलं.

मी विचारलं, कोणतं नाव? मी तर त्याला हातानं नुसतं "लहान" म्हणतो, तळवा जमिनीकडे करून.

तिनं करून दाखवलं. डाव्या हाताची मूठ वळायची, अंगठा आत कोंबायचा. मग उजव्या हाताच्या दोन बोटांनी तो अंगठा हळूच बाहेर काढायचा.

मी म्हटलं, हे काय? हे मी कधी केलं नाही. मला येतच नाही.

तिनं सांगितलं, हे मायनं ठेवलेलं नाव. बाळंतपण भुसावळलाच झालं होतं, बायको तिकडे राहायला गेलेली, मी इथं एकटा दुकानात. बारशाला गेलो तेवढाच. बाया आत पाळण्यापाशी, आम्ही पुरुष बाहेर अंगणात गप्पा मारत. आत आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, सगळ्या बाया हसल्या, टाळ्या झाल्या. उषाला त्यातलं काय कळणार? स्वतःच्या पोराचं नाव ठेवलं जातंय आणि तिच्यापर्यंत ते पोचलंच नाही. मग गर्दी पांगल्यावर माय तिच्यापाशी बसली. पोरगं जन्मल्यापासून अंगठा मुठीत दाबून झोपायचं, आंघोळ घालताना माय तो अंगठा सोडवून सोडवून मूठ धुवायची. तेच तिनं हातानं करून दाखवलं आणि उषाला सांगितलं, हे याचं नाव. ते नाव त्या दोघींमध्येच होतं. भूषणरावांनी लिहिलं — मलासुद्धा उशिरा सांगितलं.

मी पुष्कळ विचार केला. फटकळ आहे पण खोटा नाही. बायको घरी परत आल्यावर रोज फोनवर बोलायची, तेव्हा येता जाता माझ्या नजरेला ते पडलं असेल, डोक्यात कुठंतरी राहिलं असेल आणि जीव टांगणीला लागल्यावर हातातून निघालं असेल... हे होऊ शकतं. मी ते नाकारत नाही. पण या नावाला दोन हात लागतात. आणि माझ्या एका हातात फोन होता. चित्र थांबलं त्या क्षणाला मी तो उचलला, तो डब्याचे दिवे लागेपर्यंत सोडलाच नाही. बोटांवर वळ उमटले होते.

मी उषाला विचारलं, हात कोणाचे होते? बांगड्या होत्या का? मला वाटलं ती हो म्हणेल. माझी तयारी झाली होती तशी.

तिनं मान हलवली. माझा डावा हात ओढून घेतला आणि अंगठ्याचं नख दाखवलं. हातोडा बसून बसून ते कायमचं काळं आहे. मुठीतून अंगठा बाहेर आला तेव्हा हे काळं नख तिनं पाहिलं. हात माझेच होते.



घरी येऊन संजूला बोलावलं, त्याला सगळं सांगितलं. त्याला सांगायचं कारण, तो मशीनचा माणूस, तो तरी काही उलगडा करेल. तो नीट ऐकून घेत होता. म्हणाला, आबा, कधी कधी एकीकडचं चित्र जातं आणि दुसरीकडचं येत नाही, असं होतं. जुन्या डब्यात तर होतंच. म्हणून तिला दिसलं आणि तुम्हाला नाही दिसलं. मी म्हटलं, ठीक. मग तोंड का थिजलेलं? तो म्हणाला, चित्र तुकड्या तुकड्यानं येतं, एक तुकडा नवा, बाकीचे जुने, असं दिसू शकतं. मी म्हटलं, हेपण ठीक. पण तो नवा तुकडा पाठवला कोणी? फोन तर माझ्या हातात होता, माझं तोंड डब्याकडे होतं, तिला दिसायला पाहिजे होती ती भिंत नाहीतर माझी बंडी. दोन्ही हात दाखवले कोणी?

संजूनं चहा संपवला. कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आबा... नवा राउटर लाई देऊ का?"

आणि इथं मी अडलो. पहिल्यांदा तांब्यावरून अडलो होतो, आता निराळ्यावरून. तो पिवळा डबा मी हातात घेतला. मनात आलं, यातून आली असेल तर? याच्याच खाली पाट टाकून ती रोज बसायची. हा काढला आणि परत कधी... मी मूर्खासारखा डबा धरून उभा. संजू वायर गुंडाळत बसला.

मी उषाला फोन लावला. त्या डब्यावरूनच, तो शेवटचा. चित्र अडकत अडकत मी तिला हातानं विचारलं, मला जमेल तसं. हात नाकाकडे, चमकी दाखवतो तसा, म्हणजे माय. मग डबा दाखवला. मग "काढू का?"

तिला पुरतं कळलं. ती माझ्यासारखी मठ्ठ नाही. तिनं हळूहळू, मला कळेल असं, तुकड्या तुकड्यानं सांगितलं — माय डब्यात नव्हती. मी कुठं राहते ते मायला माहीत आहे.

मग तिनं पोराकडे बोट केलं आणि डोळ्यांकडे. याला बघायचं आहे ना? मग काढा.

काढला. संजूनं नवा राउटर लावला, जुनी वायरपण ओढून टाकली. भांड्यांची फळी मी दुसऱ्या भिंतीला नेली. तांब्याबद्दल माझं मत तेच आहे, पण ते पाण्यासाठी. लावल्या लावल्या चित्र असं आलं की मी मागे सरकलो. पोरीच्या कपाळावर लहानपणी पडली होती त्याची खूण दिसत होती मला. तिनं माझ्या भुवयांचे पांढरे केस दाखवून हसायला सुरुवात केली. आम्ही त्या दिवशी खूप बोललो. म्हणजे ती बोलली आणि मी, माझ्या जड हातांनी, थोडं थोडं. ती मला आता शिकवते. चुकलो तर कपाळावर हात मारून घेते, तिची माय मारायची तसा. रोजचे शब्द येतात मला आता. नातू पळायला लागलाय. चित्र अडकत नाही. त्यानंतर काही विचित्र कधी घडलं नाही, एकदाही नाही.

एक गोष्ट मात्र राहिली होती. मला कोणाचे तरी उपकार मानायचे होते आणि ते हातानं कसं करायचं तेच येईना. उषाला विचारलं तर ती विचारात पडली. मायनं आणि तिनं त्यासाठी कधी काही बनवलंच नव्हतं. घरातल्या घरात कोण कोणाला थँक्यू म्हणतं? भूषणरावांना येत होतं, त्यांच्या शाळेत शिकवलेलं. बोटं हनुवटीपाशी न्यायची आणि हात समोरच्याकडे सोडायचा. सोपं आहे, एका हाताचं आहे.

दुपारी फोन झाला की मी ते करतो. दुकानात बसल्या बसल्या, हनुवटीपासून पुढे. गिऱ्हाईक बघतात, बघू देत. कोणाला करतो मला माहीत नाही. बायकोला म्हणावं तर हात तिचे नव्हते, माझे म्हणावे तर मला ते नाव येत नव्हतं, संजूनं सांगितलेलं सगळं खरं धरलं तरी उरतं ते उरतंच. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर लिहा, शोभा वाचून दाखवेल. नाही कळलं तरी माझं काही अडलेलं नाही. आत्ता लिहितोय तेव्हा पोरगं सुट्टीला इथं आलंय, बाहेर माझ्या हंड्यावर दगडानं ठोकतंय आणि उषा त्याला पकडायला पळतेय. हंड्याला पोचे पडणार.

पडू देत.